टोल विकला, मोजणी कोणाकडे? पुणे–मुंबई द्रुतगती मार्गाचे प्रकरण

पुणे–मुंबई द्रुतगती मार्गाचा विषय निघाला की पुण्यात बोलणे घाटातल्या कोंडीवर नाहीतर टोलवर जाते. हा रस्ता चालवणारी यंत्रणा कशी उभी राहिली आणि ती कुठे अपुरी पडली, हे मात्र फारसे तपासले जात नाही. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली होत असताना महाराष्ट्राने मोठ्या रस्त्यांचा कारभार खात्याच्या चौकटीतून बाहेर काढला. या बदलाची पहिली मोठी कसोटी याच ९४.५ किलोमीटरवर लागली. पैसा उभा राहिला, रस्ता झाला, वसुलीही सुरळीत लागली. वाहने मोजणे आणि रस्त्याची अवस्था मोजणे हे काम मात्र मालकाच्या, म्हणजे सरकारच्या, हातून सुटले, आणि पुढचे बहुतेक वाद तिथूनच निघाले.

खात्याची रीत

सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याचे काम शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता या साखळीतून चालते. अंदाजपत्रक दरसूचीवर बांधायचे, बी-१ नमुन्यात टक्केवारीची किंवा बी-२ नमुन्यात बाबनिहाय दरांची निविदा काढायची, झालेले काम मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी अशा नोंदींनी चढवायचे आणि त्यावर देयक काढायचे. पैसे मिळतात ते परिमाणाचे: इतके घनमीटर मुरूम, इतके चौरस मीटर डांबरीकरण. रस्ता पुढची दहा वर्षे कसा राहील, याची नोंद करायला त्या पुस्तकात रकानाच नाही.

दुसरी अडचण अर्थसंकल्पाची. तरतूद ३१ मार्चला संपते. कामे मंजूर करताना सगळ्यांना खूश ठेवायचे म्हणून दहा कोटींच्या कामाला पन्नास लाखांची टोकन तरतूद पडते. कंत्राटदार त्या पन्नास लाखांचे काम करून यंत्रे दुसरीकडे हलवतो. अर्धवट खडीकरण पावसात उखडते आणि पुढच्या वर्षी तेच अंदाजपत्रकात पुन्हा येते. सहा पदरी काँक्रीटचा रस्ता या पद्धतीने बांधायला घेतला असता तर त्याचे पहिले टोक खराब झाल्यावर दुसरे टोक पूर्ण झाले असते.

तरी या जुन्या रीतीत एक गोष्ट चांगली होती. मोजणारा माणूस सरकारचा होता. वाहतूक गणनाही खातेच करायचे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या पद्धतीनुसार वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, रस्त्याकडेला माणसे बसवून. आकडे ढोबळ असत, पण ते मालकाचे असत.

महामंडळ आणि रोखे

राइट्स या सरकारी सल्लागार कंपनीचा व्यवहार्यता अहवाल १९९४ मध्ये आला. खासगी गुंतवणुकीतून रस्ता करायचा म्हणून निविदा मागवल्या गेल्या आणि रिलायन्सची सुमारे ३,६०० कोटींची बोली सरकारने जास्त म्हणून नाकारली. तेव्हा बांधकाम मंत्री नितीन गडकरी होते. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९९७ मध्ये हा प्रकल्प ३० वर्षांच्या टोलवसुलीच्या हक्कासह त्याच्याकडे सोपवला गेला. महामंडळाने सरकारी हमीवर रोख्यांतून पैसा उभारला, काम चार तुकड्यांत विभागून दिले, १९९८ मध्ये सुरुवात झाली, २००० मध्ये काही भाग खुला झाला आणि २००२ मध्ये पूर्ण रस्ता. खर्च १,६३० कोटींच्या घरात.

३,६०० आणि १,६३० हे दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या घेणे सोपे आहे. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीच्या बोलीत व्याज, वाहतुकीची जोखीम आणि नफा धरलेला असतो. बांधकाम खर्चात तो नसतो. महामंडळाने बांधले तेव्हा ती जोखीम नाहीशी झाली नाही. ती हमीच्या रूपाने राज्याच्या माथी राहिली. ती घेणे योग्य होते, असे आमचे मत आहे. पण किती घेतली हे सांगितल्याशिवाय बचतीचा आकडा अर्धाच.

काम वेगाने का झाले, याची कारणे साधी आहेत. रोख्यांचा पैसा ३१ मार्चला मरत नाही. एकच प्रकल्प डोळ्यांसमोर असलेली छोटी यंत्रणा, मंजुरीचे अधिकार तिच्याच मंडळाकडे आणि देयके वेळेवर. देयक वेळेवर मिळणार असे कळले की कंत्राटदार पेव्हर, म्हणजे काँक्रीट पसरणारे यंत्र, दुसऱ्या साइटवर नेत नाही.

अडचण आली ती परतफेडीत. रोख्यांची मुदत वर्षांत मोजायची, रस्त्याचे उत्पन्न दशकांत येणार. पहिल्या वर्षांत टोल कमी आणि व्याज जास्त, अशा वेळी महामंडळापुढे दोन वाटा होत्या: नवे कर्ज काढून जुने फेडणे, किंवा पुढचा टोल आजच विकून टाकणे.

२००४ चा सौदा

ऑगस्ट २००४ मध्ये दुसरी वाट धरली गेली. द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई–पुणे महामार्ग मिळून सुमारे २०६ किलोमीटरचा टोलहक्क, देखभाल आणि जुन्या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम १५ वर्षांसाठी आयआरबी या रस्ते बांधणाऱ्या खासगी समूहाच्या कंपनीला दिले गेले. महामंडळाला ९१८ कोटी आगाऊ मिळाले. मुदत ९ ऑगस्ट २०१९ पर्यंत. टोलवाढ अधिसूचनेतच बांधून दिली: वर्षाला ६ टक्के, पण ती दर ३ वर्षांनी एकदम १८ टक्के लागू करायची. मोटारीचा दर २०१४ मध्ये १९५, २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७० आणि २०२३ मध्ये ३२० रुपये झाला, तो याच सूत्राने.

असा सौदा महाग की स्वस्त, हे कशावर ठरते ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, रस्त्याचे पहिल्या वर्षाचे निव्वळ उत्पन्न १०० कोटी आहे. तीन वर्षांनी १८ टक्के म्हणजे वर्षाला सरासरी ५.६७ टक्के दरवाढ. वाहतूक वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असे धरले तर उत्पन्न वर्षाला सुमारे ११ टक्क्यांनी वाढेल. पुढे मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत कमी असते, म्हणून हे १५ वर्षांचे उत्पन्न १२ टक्के परताव्याने आजच्या किमतीत आणले की साधारण १,२५५ कोटी येतात. आता फक्त वाहतुकीची वाढ ५ ऐवजी ८ टक्के करा: १,५३३ कोटी. वाहतूक ५ टक्क्यांवरच ठेवून परताव्याचा दर १२ वरून १६ केला तर ९६५ कोटी. म्हणजे रस्ता तोच, टोल तोच, पण गृहीतकात तीन-चार टक्के इकडेतिकडे झाले की किंमत हजाराच्या आतून दीड हजाराच्या वर जाते.

बोली लावणारा हे गणित रात्रंदिवस करतो. त्याच्याकडे ताळेबंद, वाहतूक सल्लागार आणि इतर नाक्यांचा अनुभव असतो. विकणाऱ्याकडे काय असते? दोन वर्षांचे टोलचे आकडे आणि सात दिवसांची गणना. त्या सात दिवसांत लोणावळ्याचा पावसाळी शनिवार-रविवार आला की अंदाज फुगतो, परीक्षांचा आठवडा आला की दबतो. इथे दिवाळीच्या आधीचा शुक्रवार आणि फेब्रुवारीतला मंगळवार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. सात दिवस गुणिले ५२ हा हिशेब अशा रस्त्यावर चालत नाही.

निश्चित मुदतीच्या करारात आणखी एक खोट आहे. वाहतूक अंदाजापेक्षा जास्त आली तर फायदा पूर्णपणे कंत्राटदाराचा. कमी आली तर तो भरपाईची पत्रे लिहायला बसतो. राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श करारात यावर एक उपाय आहे. ठरवलेल्या वर्षी प्रत्यक्ष वाहतूक लक्ष्यापेक्षा १ टक्का कमी निघाली तर मुदत १.५ टक्क्याने वाढते, कमाल २० टक्के. १ टक्का जास्त निघाली तर ०.७५ टक्क्याने घटते, कमाल १० टक्के. समतोल तिथेही कंत्राटदाराकडे झुकलेला आहे, पण निदान मुदत वाहतुकीशी बांधलेली आहे. चिलीने त्यापुढे जाऊन १९९८ मध्ये सँटियागो–वाल्पारायसो मार्गाची बोलीच वेगळी मागवली: किती वर्षे ते सांगू नका, आजच्या किमतीत किती रक्कम वसूल झाली की रस्ता परत कराल ते सांगा. वाहतूक वाढली तर करार लवकर संपतो, मंदावली तर लांबतो. त्यामुळे अंदाज चुकल्याचे भांडण जवळजवळ उरत नाही.

मग सगळे हेच का करत नाहीत? कर्ज देणाऱ्या बँकेला परतफेडीची तारीख हवी असते, ती यात पक्की नसते. शिवाय सरकारला आज हाती येणारा मोठा चेक हवा असतो. हे कारण कोणी टिपणीत लिहीत नाही. आणि खरी अट अशी, की वसुलीचा आकडा दोन्ही बाजूंना मान्य असला पाहिजे.

नाक्यावर नेमके काय मोजले जाते

टोल लेनमध्ये गाडीचा वर्ग दोन ठिकाणी ठरतो. बूथमधला कर्मचारी बटण दाबतो, किंवा फास्टॅगवर नोंदलेला वर्ग यंत्र वाचते. त्याच वेळी स्वयंचलित वर्गीकरण यंत्रणा स्वतंत्रपणे मोजते: रस्त्यात पुरलेल्या तारांचे वेटोळे गाडी आल्याचे सांगते, चाकांखालची पट्टी ॲक्सल, म्हणजे चाके जोडणारे आडवे दांडे, मोजते, बाजूचे प्रकाशपडदे उंची आणि आकार टिपतात. दोन्हींत तफावत आली की तो व्यवहार वेगळा पडतो आणि कॅमेऱ्याचे चित्र पाहून कोणीतरी निर्णय देतो. हा 'कोणीतरी' कोणाचा माणूस आहे, हा सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे.

ॲक्सलची पट्टी अवजड गाड्यांखाली झिजते, पावसाळ्यात चिखल साचतो, प्रकाशपडद्याच्या काचा धुळीने अंध होतात. उचललेला ॲक्सल घेऊन आलेला ट्रक एका ॲक्सलने कमी भरतो. २०२३ च्या दरांत दोन ॲक्सलच्या ट्रकला ६८५ रुपये आणि बहुॲक्सल गाडीला २,१६५ रुपये आहेत. म्हणजे एक बहुॲक्सल गाडी साध्या ट्रकच्या खात्यात गेली तर १,४८० रुपयांचा फरक. चार मोटारी न मोजल्या तरी इतका पडत नाही. त्यामुळे 'एकूण वाहने बरोबर आहेत' या खात्रीला अर्थ नाही, वर्गनिहाय आकडे जुळले पाहिजेत. तीच गोष्ट माफीच्या आणि सवलतीच्या गाड्यांची. त्या मोजल्या जात नाहीत असे नाही, पण त्या रकान्यात काय काय टाकता येते याला मर्यादा नाही.

फास्टॅगने चित्र बरेच सुधारले. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या नाक्यांवर तो बंधनकारक झाला आहे. प्रत्येक व्यवहार वेळेसह राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेतून जातो, त्यामुळे मालकाने ठरवले तर तो हा आकडा कंत्राटदाराला न विचारता घेऊ शकतो. पण टॅग गाडीचा कागदोपत्री वर्ग सांगतो, रस्त्यावरचा नाही. पट्टी आणि पडदे लागतातच, आणि त्यांची तपासणी त्रयस्थाकडून.

पुण्यात टोलविरोधी चळवळीने जोर धरला तो नेमका या अंधारामुळे. माहिती अधिकारात आकडे बाहेर येऊ लागले तशी लोकांनी बेरीज मांडली आणि 'रस्त्याचे पैसे वसूल झाले, आता टोल बंद करा' ही मागणी पुढे आली. तांत्रिकदृष्ट्या त्यात दोन हिशेब एकमेकांत मिसळले होते. महामंडळाचे कर्ज, व्याज आणि टोलविक्रीतून आलेली रक्कम हा एक हिशेब. कंत्राटदाराने मोजलेली किंमत आणि त्याची वसुली हा दुसरा. पण लोकांची चूक काढण्यात हशील नाही. दोन स्वतंत्र खाती, वर्गनिहाय, दरमहा, पहिल्या दिवसापासून जाहीर असती तर ही सरमिसळ झालीच नसती.

सांधे

दुसरी मोजणी रस्त्याची. काँक्रीटच्या फरसबंदीत स्लॅब सहसा सगळ्यांत शेवटी बिघडतो. आधी बिघडतो तो सांधा. सुमारे ४.५ मीटरवर आडवा सांधा हे प्रमाण आणि ३.७५ मीटरच्या तीन लेन धरल्या, तर ९४.५ किलोमीटरच्या दोन्ही बाजूंना मिळून ढोबळ ४२,००० आडवे सांधे होतात आणि त्यात पाणी अडवण्यासाठी भरायच्या लवचीक सीलंटची लांबी ४७२ किलोमीटरच्या आसपास जाते. पूल, बोगदे आणि पृष्ठभाग बदललेले भाग त्यातून वजा करावे लागतील. उभे सांधे यात धरलेलेच नाहीत.

सीलंट काही वर्षांत कडक होतो, कडेपासून सुटतो. मग फटीत खडीचा चुरा बसतो आणि पाणी खाली कोरड्या काँक्रीटच्या थरापर्यंत उतरते. अवजड चाक सांध्यावरून जाताना ते पाणी दाबाने बाहेर फेकले जाते आणि सोबत बारीक माती घेऊन येते. पावसाळ्यात सांध्याजवळ मातकट डाग दिसले तर खाली पोकळी तयार होते आहे असे समजावे. त्यानंतर स्लॅबचा कोपरा तुटतो आणि काम सीलंटच्या मीटरवरून पूर्ण जाडीच्या दुरुस्तीवर जाते. खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि लेन दिवसेंदिवस बंद ठेवावी लागते. चाकाला मात्र हे बराच काळ जाणवत नाही. म्हणून फक्त खडबडीतपणा मोजणाऱ्या यंत्रावर देखभालीचे निकष बांधले तर कंत्राटदार निकषात बसतो आणि रस्ता आतून जातो. इंडियन रोड काँग्रेसच्या २००४ च्या निकषात काँक्रीट रस्त्याला किलोमीटरमागे २,२०० मिलिमीटर खडबडीतपणापर्यंत 'चांगला' म्हटले आहे. ती पातळी राखूनही हजारो सांधे उघडे असू शकतात.

मुदत संपत आलेल्या करारात हे धोक्याचे. शेवटच्या दोन वर्षांत सीलंटवर खर्च केला तर फायदा पुढच्याला. न केला तर तक्रार कोणी सिद्ध करू शकत नाही. सांधानिहाय नोंदवही असेल तरच ते सिद्ध होते.

सुरक्षेचेही असेच. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ जण मृत्युमुखी पडले. सेव्हलाइफ फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या सहभागाने चाललेल्या शून्य मृत्यू मोहिमेनंतर २०१९ मध्ये ही संख्या ९२ वर आली. प्रत्येक मृत्यूचे ठिकाण आणि कारण नोंदल्याने कुठे कठडा हवा आणि कुठे कठड्याचे टोकच घातक आहे ते कळले. पण कामाच्या यादीत नसलेला कठडा बसवायचा तर बदलाचा वेगळा आदेश काढावा लागतो आणि खर्च कोणाचा यावर फाइल फिरते.

२०२० ची विक्री आणि २०३०

पहिला करार ऑगस्ट २०१९ मध्ये संपला, नवा ठरायला उशीर झाला आणि मधल्या काळात तात्पुरत्या ठेक्यावर वसुली चालली. १ मार्च २०२० पासून दहा वर्षे दोन महिन्यांसाठी टोलहक्क पुन्हा आयआरबीच्याच कंपनीला ८,२६२ कोटींना गेला. त्यातले ६,५०० कोटी सुरुवातीला, उरलेले पुढच्या वर्षांत हप्त्यांनी. ९१८ आणि ८,२६२ यांची थेट तुलना चुकीची होईल. मधल्या काळात दर दुपटीच्या आसपास गेले होते, वाहतूक वाढली होती आणि २००४ मध्ये चौपदरीकरणाचा खर्चही कंत्राटदाराकडे होता. तरीही विकणाऱ्याला दुसऱ्या वेळी रस्त्याची वाहतूक जास्त ठाऊक होती, हे उघड आहे. नवा करार सुरू होऊन महिना व्हायच्या आत टाळेबंदी लागली आणि टोलवसुली काही काळ थांबली. मुदतीऐवजी रकमेवर बांधलेल्या करारात अशा आठवड्यांसाठी वेगळे कलम लागत नाही. करार आपोआप तेवढा पुढे सरकतो.

हा करार एप्रिल २०३० मध्ये संपतो. नवी निविदा आठ-नऊ महिने आधी काढायची आणि तिच्याआधी दोन पूर्ण वर्षांची, म्हणजे दोन पावसाळे, दोन दिवाळ्या आणि दोन उन्हाळी सुट्ट्या धरणारी, महामंडळाची स्वतःची वर्गनिहाय मोजणी हाती हवी असेल, तर ती २०२७ च्या मध्यापर्यंत सुरू व्हावी लागेल. मोजणी नाक्यावर नको, नाक्यांपासून दूर, दोन इंटरचेंजच्या मधल्या तुकड्यांत. म्हणजे ती नाक्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. सांध्यांची पहिली पूर्ण पाहणी २०२८ च्या पावसाळ्याआधी आणि दुसरी त्यानंतर लगेच, त्याच क्रमांकांवर. पावसात किती सांध्यांनी माती ओकली, हे या दोन पाहण्यांच्या फरकातून कळते, आणि हस्तांतरणापूर्वीच्या दुरुस्तीची रक्कम त्यावरच मागता येते.